किसणीची खुर्ची आणि दिर्चेवहिनी

माझ्या दिर्चेवहिनी अडतीस वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात, होड्यांचा पूल ओलांडून आमच्या घरी आल्या. त्यांच्यासोबत एक पेटी होती, एक सायकल होती आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेला चीजचा एक मोठा तुकडा होता. तो त्यांच्या वडिलांच्या दुग्धशाळेत तयार झालेला होता. नव्या सुनेने सासरी रिकाम्या हाताने येऊ नये, ही रीत योग्यच आहे. परंतु माझ्या आईने फडके सोडले, सालीवरचा चौकटींचा ठसा पाहिला आणि तो तुकडा उंदरांच्या सापळ्यात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सापळ्यात उंदीर होता. त्याने कसलीही तक्रार केलेली नव्हती.

आमचे पिएवे बासा हे गाव इटलीतील पो नदीच्या दक्षिण काठावर आहे. वहिनींचे माहेर उत्तर काठावर, समोरच आहे. हवा स्वच्छ असली तर त्यांच्या माहेरचे वाळत घातलेले कपडे आमच्या बांधावरून मोजता येतात. मात्र नदीच्या या बाजूला पार्मिज्यानो तयार होते आणि त्या बाजूला ग्राना तयार होते. दोन्ही चीज गाईच्या दुधाची, दोन्ही चाकाएवढी मोठी, दोन्ही दगडासारखी कठीण आणि दोन्ही किसूनच खायची. परक्या माणसाला ती जुळी भावंडे वाटतील. आमच्याकडे मात्र या फरकावरून सोयरिकी मोडलेल्या आहेत.

माझे थोरले बंधू लेआर्को, म्हणजे वहिनींचे यजमान, आमच्या गावच्या दुग्धशाळेत चीज ठोकून पारखण्याचे काम करीत. हातात एक छोटी हातोडी घ्यायची, चीजच्या चाकावर ठोकायचे आणि आवाज ऐकून आत पोकळी आहे की भेग आहे, हे सांगायचे. या कामात दादांचा कान फार चांगला होता, हे मी बहीण म्हणून नव्हे तर सत्य म्हणून लिहीत आहे. निवृत्त झाल्यावरही त्यांनी हातोडी खिशातच ठेवली. ते कलिंगड ठोकत, दारे ठोकत, वाइनची पिंपे ठोकत. एकदा त्यांनी फादर कालिस्तो यांचे प्लास्टरमधील गुडघ्याचे हाडदेखील ठोकून पाहिले आणि "आत सगळं ठीक आहे," असे सांगितले. फादरना मात्र तसे वाटले नाही.

परंतु कान चांगला असला म्हणजे जीभही चांगली असते, असे नाही. दादांना ते मान्य नव्हते.

"पलीकडचं चीज मी झोपेतसुद्धा ओळखीन," असे ते जेवताना नेहमी म्हणत. "त्यांच्या गाई मुरघास खातात, मुरघास! आंबवलेला चारा! दोन्ही वेळच्या दुधाची साय काढतात. आपण फक्त संध्याकाळच्या दुधाची काढतो, सकाळचं जसंच्या तसं. आणि वर ते त्यात अंड्याचं काहीतरी घालतात. चीज आहे की केक आहे?"

"चीज मुरायला वर्षभर तरी थांबतात का ते?" मी विचारीत असे. उत्तर मला ठाऊक होते, परंतु दादांना ते सांगण्यात समाधान मिळे.

"नऊ महिने! नऊ महिन्यांत पोर होतं, आफ्रे. चीज होत नाही."

वहिनी त्या वेळी झाकणाच्या वाडग्यातून किसलेले चीज चमच्याने दादांच्या सूपवर घालीत. दादा एक घोट घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "हे बघ. याला म्हणतात अलीकडचं."

आता वहिनींच्या स्वच्छतेविषयी लिहिणे आवश्यक आहे. चीजची साल आम्ही टाकून देत नाही. ती वरून थोडी खरवडतो आणि घेवड्याच्या सूपमध्ये शिजू घालतो. तासाभराने ती मऊ होते व जेवणातील मानाच्या माणसाला दिली जाते. सर्व घरांत साल दोन-चार वेळा सुरी फिरवून खरवडतात. दिर्चेवहिनी मात्र साल खिडकीजवळ नेऊन पाऊण तास खरवडीत. ती मेणबत्तीसारखी गुळगुळीत होईपर्यंत त्यांचे समाधान होत नसे. गावातील बायका आपल्या मुलींना सांगत, "साल खरवडावी तर दिर्चेबाईंनी. पलीकडची असून किती टापटीप!" मलाही त्यांचा अभिमान वाटे.

त्या धार्मिकही होत्या. दर गुरुवारी सायकलवर पिशवी अडकवून त्या पलीकडे जात. लहानपणापासून ज्या चर्चमध्ये पापांची कबुली दिली, तेथेच देण्याची सवय आहे, असे त्या सांगत. जाताना पिशवी जड असे. येतानाही तेवढीच जड असे. माणसाची पापे सांगून झाल्यावर पिशवी हलकी का होत नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. मी मोज्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षे मोज्यांचे चवडे शिवले आहेत. स्वयंपाकघर वहिनींचे होते आणि मी तेथे केवळ जेवत असे.

गेल्या ऑगस्टमध्ये ही सर्व व्यवस्था बदलली. त्याचे कारण किसणीची खुर्ची हे होय.

सप्टेंबरमध्ये आमच्याकडे भोपळ्याच्या तोर्तेल्लींची जत्रा भरते. तोर्तेल्ली म्हणजे आत भोपळ्याचे सारण भरलेल्या, चौकोनी, उकडलेल्या करंज्या असे समजावे. चर्चच्या मागील मांडवात तीन दिवस पाचशे माणसे जेवतात. ताट घेऊन प्रत्येकाने प्रथम लोण्याच्या पातेल्याकडे जायचे आणि नंतर दांडा फिरवून चालवायच्या मोठ्या किसणीसमोर उभे राहायचे. किसणीजवळ उंच पाठीची एक लाकडी खुर्ची असते. तिच्यावर बसलेली बाई चीज पारखून किसणीत घालते आणि मग ताटावर किस भुरभुरवते. तिला नमस्कार केल्याशिवाय ताट पुढे करता येत नाही. गावाचे नगराध्यक्षदेखील ताट धरून उभे राहतात. ही खुर्ची चोवीस वर्षे नोरिनाआजींकडे होती. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी कळवले की आता आपल्याला किस आणि बर्फ यांतील फरक दिसत नाही, तेव्हा दुसरी बाई शोधावी.

त्या संध्याकाळी वहिनी भांडी पुसत होत्या. दादा खुर्चीवर बसून अक्रोड ठोकत होते.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "ती खुर्ची मला हवीय."

दादांची हातोडी अक्रोडावर न पडता अंगठ्यावर पडली.

"तुला? किसणीची?"

"अडतीस वर्षं मी त्या मांडवाच्या मागं बसून ताटं धुतेय. लोकांची खरकटी ताटं मी ओळखते, तोंडं नाही ओळखत. मला एकदा बसून लोकांना ताट पुढं करताना बघायचंय."

"अगं, पण तू..." दादा थांबले.

"बोला की. पलीकडची."

"मी तसं म्हटलं नाही."

"अंगठा तोंडात घालून बसलात म्हणून म्हटलं नाहीत."

खुर्ची कोणाला द्यावी हे तिघे जण ठरवीत आणि तिघांचेही एकमत व्हावे लागे. एक फादर कालिस्तो, दुसऱ्या खाटीकबाई इओले आणि तिसरे माझे बंधू. दादांनी आम्हाला सांगितले की प्रश्न बायकोचा नसून गावाच्या इज्जतीचा आहे, तेव्हा ते काहीही वचन देणार नाहीत. वहिनींनी त्यावर भांडण केले नाही. त्यांनी इतकेच सांगितले, "मग त्या दोघांना रविवारी जेवायला बोलवा. माझ्या हातचं खाऊ देत आणि मग ठरवू देत." हे दादांना न्याय्य वाटले.

गुरुवारी वहिनी नेहमीप्रमाणे पलीकडे गेल्या. परत येताना बांधाच्या उतारावर एक बदक आडवे आले. बदक वाचले. वहिनींचे उजवे मनगट मुरगळले. आश्चर्य म्हणजे पडतानादेखील त्यांनी पिशवी छातीशी धरून ठेवली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी ती बाजूला ठेवण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी नकार दिला.

अशा रीतीने रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे आला. वहिनी हात गळ्यात बांधून शेजारी बसल्या आणि मला एकेक गोष्ट सांगू लागल्या. घेवडा भिजला होता, कांदा परतून झाला होता. एवढ्यात पट्टी बदलण्यासाठी त्यांना परिचारिकेकडे जावे लागले. दारातून त्या तीन वेळा परत आल्या.

"वन्सं, साल खालच्या खणात आहे, फडक्यात. नीट खरवडा."

"हो वहिनी."

"दोन्ही बाजूंनी नाही. वरच्या बाजूनं. आणि भरपूर."

"हो वहिनी."

"पार काही दिसेनासं होईपर्यंत!"

"वहिनी, मी एकतीस वर्षं कारखान्यात काम केलंय. एक साल मला जमेल."

त्या गेल्या. मी फडके सोडले. माझा चष्मा वरच्या खोलीत होता व जिना उंच आहे. सालीवरून अंगठा फिरवला तेव्हा तिच्यावर छान, नीटस नक्षी लागली. सुरी हातात घेतली आणि मनात विचार आला की अर्धी साल अशी खरवडून टाकून देणे म्हणजे अन्नाचा अपमान आहे. आमच्या आईने आम्हाला काहीही वाया घालवू नये असे शिकवले होते. सापळ्यातील तुकडादेखील तिने उंदीर काढून टाकल्यावर कोंबड्यांना घातला होता. स्वच्छताच हवी असेल तर ती पाण्यानेही होते. म्हणून मी गरम पाणी घेतले, भाज्यांचा ब्रश घेतला आणि ती साल पाऊण तास घासली. वहिनींइतकाच वेळ मी दिला, याची नोंद व्हावी. त्यानंतर ती मी सूपमध्ये सोडली.

एक वाजता पाहुणे आले. फादर कालिस्तो काठी टेकत आले. इओलेबाई येताना एक सॉसेज घेऊन आल्या आणि ते टेबलावर असे ठेवले, की जणू आपण लाच देत नसून शिकवण देत आहोत.

"हाताला काय झालं दिर्चेबाई?" त्यांनी विचारले.

"बदक."

"हं. पलीकडं जाताना की येताना?"

"येताना."

"मग आपलंच बदक. परक्यांना ओळखतात ती."

वहिनी हसल्या. त्या नुकत्याच परत आल्या होत्या आणि त्यांनी मला डोळ्यांनीच विचारले होते. मी मान हलवून सर्व व्यवस्थित झाल्याचे कळवले होते. माझ्या समजुतीप्रमाणे ते खरे होते.

मी सूप वाढले. वहिनींनी डाव्या हाताने वाडग्यातील किस प्रत्येकाच्या ताटलीत घातला. दादांनी घोट घेतला आणि डोळे मिटले.

"तीस महिन्यांचं," ते म्हणाले. "डोंगराच्या बाजूचा चारा. कुरणातलं तिपानी गवत आहे यात, फादर. जिभेवर ऐकू येतं."

"मला फक्त घेवडा ऐकू येतोय," फादर म्हणाले.

"लेआर्को, जीभ असावी तर तुझी," इओलेबाई म्हणाल्या. "म्हणूनच मी म्हणते, खुर्चीवर पक्की आपल्याकडची बाई हवी. दिर्चेबाई, राग मानू नका. तुम्ही सोन्यासारख्या आहात. पण किसणीत काय जातंय हे ज्याच्या रक्तात आहे त्यालाच कळतं. आपल्याला बाई घासात कळतं. कळतं की नाही, लेआर्को?"

"घासात? वासात!"

मानाचे माणूस फादर असल्यामुळे साल त्यांना द्यायची होती. मी पळीने ती काढली व त्यांच्या ताटलीत ठेवली. फादरनी सुरी-काटा घेतला, साल उलटली आणि ते थांबले. मग त्यांनी ताटली उचलून खिडकीकडे धरली.

"हे फारच सुबक आहे," ते म्हणाले. "चौकटी. एकात एक बसवलेल्या."

माझ्या घासण्यामुळे तो ठसा नव्या नाण्यासारखा उठून दिसत होता. आमच्या बाजूच्या चीजवर ठिपक्यांनी काढलेली अक्षरे असतात, उभ्या रांगांत, सगळीकडे. चौकटी कोणत्या बाजूच्या चीजवर असतात, हे आमच्या गावातील कोंबड्यांनाही माहीत आहे.

इओलेबाईंनी मान लांब करून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे तर मुरघास!"

दादांनी चमचा खाली ठेवला. त्यांनी खिशातून हातोडी काढली आणि फादरच्या ताटलीतील साल ठोकली. साल शिजलेली असल्यामुळे पचक असा आवाज झाला आणि घेवड्याचा एक दाणा फादरच्या चष्म्यावर बसला.

"दिर्चे. हे काय आहे?"

"साल आहे," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "वन्सं, तुम्ही काय केलंत?"

"धुतली," मी म्हणाले. "ब्रशनं."

"कधीपासून?" दादांनी विचारले. "हे कधीपासून चाललंय?"

"लग्नाच्या पहिल्या ऑक्टोबरपासून."

"अडतीस वर्षं?"

"अहो, आधी ऐका. सासूबाईंनी सापळा लावल्यावर मी ठरवलं, सासरी सासरचंच खायचं. तुमच्या दुग्धशाळेचं चीज आणलं, तेच किसलं, तेच घातलं. तीन महिने. आणि ऑक्टोबरात एक दिवस तुम्ही घोट घेतलात, चमचा आपटलात आणि म्हणालात, 'यात काहीतरी पलीकडचं घातलंयस. मला कळतं.' आठवतंय?"

दादांना आठवत होते. ते त्यांच्या कानांवरून कळत होते. कान लाल झाले होते.

"मी रडले," वहिनी म्हणाल्या. "गुरुवारी माहेरी गेले, ओविदियोला सांगितलं." ओविदियो हे त्यांचे बंधू, वडिलांनंतर पलीकडची दुग्धशाळा तेच पाहतात. "त्यानं खरंखुरं पलीकडचं दिलं. रागानं तेच घातलं. म्हटलं, आता बोला काय बोलायचं ते. तर तुम्ही घोट घेतलात आणि म्हणालात, 'आता कसं! असंच करत जा.' मग मी काय करणार? नवऱ्यानं सांगितलं, असंच करत जा. असंच करत गेले."

फादर कालिस्तो यांना अचानक खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

"आणि दुग्धशाळेतून मला दर महिन्याला मिळतो तो तुकडा?" दादांनी हळू आवाजात विचारले. "काचेखाली ठेवतो तो? तो कुठं जातो?"

"पलीकडं. ओविदियोकडं. फुकट कसं आणायचं दर गुरुवारी? आपलं त्याच्या कपाटात गुपचूप ठेवते, त्याचं आणते."

"म्हणजे ओविदियो माझं पार्मिज्यानो खातोय?"

"ठिपके मी इथंच खरवडून नेते. तो म्हणतो, 'दिर्चे, आपलं चीज यंदा फार छान जमलंय.' दर वर्षी म्हणतो."

त्या क्षणी मला पिशवीच्या वजनाचा उलगडा झाला. मी तसे बोलून दाखवले. कोणी लक्ष दिले नाही.

इओलेबाई उभ्या राहिल्या. "पुरे झालं. फादर, माझं मत ऐका. जी बाई घरात हे करते, ती मांडवात काय करणार नाही? खुर्ची हिला मिळणार नाही."

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी डाव्या हाताने वाडग्यावर झाकण ठेवले, आणि ते नीट बसले तरी पुन्हा काढून पुन्हा ठेवले. अडतीस वर्षे मी त्यांना ताटे धुताना पाहिले होते, पण इतके दमलेले पाहिले नव्हते. आणि हे सर्व माझ्या ब्रशमुळे झाले होते. मला बोलणे भाग होते, परंतु योग्य शब्द सापडेपर्यंत फादर बोलले.

"एक शंका आहे," चष्म्यावरील घेवडा पुसत ते म्हणाले. "या टेबलावर आपण चार जण अलीकडचे. सगळ्यांनी हे सूप खाल्लं. एकानं तिपानी गवत ऐकलं, एकीनं रक्ताची महती सांगितली. कोणाला कळलं?"

"साल बघितल्यावर लगेच कळलं की!" इओलेबाई म्हणाल्या.

"साल बघून मलाही कळलं, आणि मला मोतीबिंदू आहे. मी म्हणतो, अडतीस वर्षं रोज कोणतं कुठलं हे अचूक माहीत असलेलं या गावात एकच माणूस आहे. आता खुर्चीवर दुसरं कोण बसवायचं?"

"माहीत असणं वेगळं, चव कळणं वेगळं. तिला तरी कुठं चव कळते? तिला पिशवी कळते!" इओलेबाई दाराकडे निघाल्या. "थांबा. मी माझ्या घरचं आणते. माझ्या घरचं शुद्ध अलीकडचं. ती ओळखते का ते बघूच."

त्यांचे घर समोरच आहे. त्या किसलेल्या चीजची बरणी घेऊन धापा टाकत आल्या. आता वहिनींनी 'अलीकडचं' म्हटले असते तरी त्यांना कोणी शाबासकी दिली नसती, कारण उत्तर आधीच सांगून झाले होते. ही अडचण इओलेबाईंच्या ध्यानात आली नव्हती.

वहिनींनी चिमूटभर किस घेतला, तळहातावर चोळला, वास घेतला आणि जिभेवर ठेवला. मग त्यांनी बरणीकडे पाहिले व नंतर बऱ्याच प्रेमाने इओलेबाईंकडे पाहिले.

"इओलेबाई, या मेंढ्या आहेत."

"काय?"

"निम्मं आपलं आहे. निम्मं मेंढीच्या दुधाचं, पेकोरिनो. तुमच्या सूनबाईंच्या माहेरचं असणार."

इओलेबाईंची सून बोनारिया ही सार्डिनिया बेटावरची आहे. तेथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, असे म्हणतात.

"माझ्या घरात मेंढी? मला कळलं नसतं?"

"नसतं कळलं. पेकोरिनो खारट असतं ना, म्हणून ती पदार्थात मीठच घालत नसेल. एकाच्या जागी दुसरं घालायचं तर मीठ आधी कमी करावं लागतं, नाहीतर लगेच पकडलं जातं. हुशार पोरगी आहे."

इओलेबाई खाली बसल्या. त्यांनी बरणीतला चिमूटभर किस स्वतः चाखून पाहिला.

"तरीच," शेवटी त्या म्हणाल्या, "दोन वर्षं सगळे म्हणतायत, इओलेच्या हाताला आताशा चव आलीय."

फादरनी हात वर केला. "माझं मत दिर्चेबाईंना."

इओलेबाईंनीही हात वर केला, पण अर्धाच, कोपरापर्यंत. "आणि ही बरणीची गोष्ट या घराबाहेर जाणार नाही," त्यांनी बजावले. मी त्या वेळी मान हलवली होती. तथापि मी लिहायला शिकते त्या संध्याकाळच्या वर्गातील आमच्या बाईंनी सांगितले आहे की चरित्र लिहिताना काही लपवू नये; आणि बोनारियाने स्वतःच ती गोष्ट नंतर सर्वांना सांगितली.

राहिले दादा. ते अंगणात गेले. आम्ही खिडकीतून पाहत होतो. त्यांनी वाइनचे पिंप ठोकले, अंजिराचे झाड ठोकले, वहिनींच्या सायकलची सीट ठोकली. प्रत्येक वेळी कान लावून ऐकले. मग आत येऊन ते वहिनींसमोर उभे राहिले.

"हसायचीस का मला? इतकी वर्षं?"

"पहिल्या वर्षी हसले. नंतर कुठला वेळ हो? साल खरवडायला पाऊण तास जातो."

दादांनी हातोडी खिशात ठेवली.

"त्या हातानं किसणीचा दांडा फिरणार नाही तुला," ते म्हणाले.

"नाही फिरणार."

"मग मी फिरवीन. खुर्ची तुझी, दांडा माझा. कोणीतरी नजर ठेवायला पाहिजे."

"कोणावर?"

दादांनी आपले गार झालेले सूप पुढे ओढले आणि सर्व संपवले. ताटली पावाने पुसलीदेखील.

सोमवारपासून दादांचा हुकूम झाला की आता घरात फक्त अलीकडचेच चीज येईल. काचेखालचा तुकडा त्यांनी स्वतः काढून मला दिला. मी ठिपक्यांची साल जराही न खरवडता सूपमध्ये घातली, म्हणजे कोणाच्या मनात शंका राहू नये. सोमवारी दादांनी सूप दोनदा ढवळून पाहिले. मंगळवारी त्यांनी घोट घेऊन खिडकीबाहेर पाहिले. बुधवारी त्यांनी चमचा खाली ठेवला.

"यात काहीतरी पलीकडचं आहे," ते म्हणाले आणि लगेच त्यांना आपण काय बोललो ते कळले. ते उठून अंगणात गेले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मीही त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्या हाताला पट्टी होती. गुरुवारी सकाळी मी सायकल बाहेर काढली.

जत्रेच्या पहिल्या दिवशी दिर्चेवहिनी निळा पोशाख घालून, हात रेशमी रुमालात बांधून, उंच पाठीच्या खुर्चीवर बसल्या. पलीकडूनही लोक आले होते; ओविदियो तर ताट घेऊन दोनदा रांगेत उभे राहिले आणि "अलीकडचं म्हणतात ते काही खास नाही, आपलं बरं," असे मला खासगीत म्हणाले. नगराध्यक्षांनी नमस्कार केला. इओलेबाईंनी केला. नोरिनाआजींना दोन माणसांनी धरून आणले आणि त्यांनी खुर्चीला नमस्कार केला, कारण माणूस त्यांना दिसत नव्हते. वहिनी प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट पाहत आणि मगच किस घालीत. त्यामुळे रांग चर्चच्या दारापर्यंत गेली, पण त्यांनी घाई केली नाही.

दादा शेजारी उभे राहून दांडा फिरवीत होते. दर चीजच्या तुकड्यामागे ते थांबत, एक कण जिभेवर ठेवत, वाकून वहिनींच्या कानाशी जात आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारीत, "हे आपलंच ना?"

"आपलंच. फिरवा."

मांडवात आपलेच होते, याची मी खात्री देते. घरातले विचाराल, तर दर गुरुवारी मी पलीकडच्या चर्चला जाते. चष्मा आता खाली स्वयंपाकघरातच ठेवलेला असतो, आणि साल मी पाऊण तास खरवडते.